जुन्या निसान लीफमधलं टीसीयू मॉड्यूल कसं काढायचं (पहिल्यांदाच हात घालताय त्यांच्यासाठी)

२०१६ पर्यंतची जुनी निसान लीफ, म्हणजे निसानची इलेक्ट्रिक गाडी, ज्यांनी सेकंडहँड घेतलीये, खास करून इकडे यूकेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्या लोकांकडे ही गाडी बऱ्यापैकी दिसते, स्वस्तात मिळते, पोरांना शाळेत सोडायला आणि स्टेशनपर्यंत जायला पुरते, अजून काय पाहिजे. या गाडीत टीसीयू नावाचा एक डबा असतो, टेलिमॅटिक्स कंट्रोल युनिट. आत मोबाईलसारखं मोडेम आणि सिम, त्यावरून गाडी निसानच्या सर्व्हरशी बोलायची, आणि मग थंडीत घरात चहा पिता पिता फोनवरून हीटर चालू करा, चार्जिंग किती झालं बघा, ही सगळी मजा त्या डब्यामुळे होती. १ एप्रिल २०२४ ला निसानने यूकेत २०१६ पर्यंतच्या लीफ आणि ई-एनव्ही२०० (निसानचीच इलेक्ट्रिक व्हॅन) साठी ही सेवा बंद केली, कारण डबा २जी वर चालतो आणि २जी चे दिवस भरत आलेत, इथे २०३३ पर्यंत २जी-३जी दोन्ही पूर्ण जाणार आहे. अमेरिकेतल्या मंडळींना हे आधीच भोगावं लागलं, तिकडे एटी अँड टीचं २जी २०१६ च्या शेवटी बंद झालं आणि ज्यांनी पैसे भरून ३जी चा डबा बसवून घेतला त्यांचं ३जी पण फेब्रुवारी २०२२ मध्ये गेलं.

थोडक्यात डबा गाडीत बसलाय, करंट घेतोय, काम काही नाही.

तर तो काढायचा का? माझं मत सांगतो. नुसतं "काम करत नाही ना, मग काढून टाकू" एवढ्यासाठी काढू नका, पडून राहिला तर कोणाचं काही अडत नाही. काढायला दोन खरी कारणं आहेत. पहिलं, तुम्हाला ओव्हीएमएस बसवायचंय. ओपन व्हेइकल मॉनिटरिंग सिस्टिम, हा ओपन सोर्स डबा आहे, ओबीडी सॉकेटला (गाडीची तपासणी करायचं मशीन जिथे लावतात ते) लागतो, स्वतःचं सिम किंवा वायफाय वापरतो आणि फोनवरून हीटर चालू करायची सोय परत मिळते. पण २०१४ ते २०१६ च्या गाडीत त्याने हीटर चालू करायचा तर मूळ टीसीयूचा प्लग काढलेला असावा लागतो. बाकीची माहिती, म्हणजे चार्जिंग वगैरे, टीसीयू असतानाही दिसते. दुसरं कारण, १२ व्होल्टची बॅटरी सारखी उतरते आणि संशय या डब्यावर आहे. या दुसऱ्या कारणाबद्दल जरा थांबून बोलू, कारण इथे लोक आधी डबा काढतात आणि मग बॅटरी तपासतात, आणि ते उलटं आहे.

आधी १२ व्होल्टची बॅटरी बघा

इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी वेगळी आणि बॉनेटखालची छोटी १२ व्होल्टची बॅटरी वेगळी. छोटीवर दिवे, लॉक, सगळे कंट्रोल मॉड्यूल आणि मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, तिला गाडीशी जोडणारे जाडजूड स्विच, चालतात. छोटी मेली की मोठी शंभर टक्के भरलेली असून गाडी हलत नाही.

मल्टीमीटर घ्या, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दार न उघडता, म्हणजे बॉनेट आदल्या रात्रीच उघडं ठेवून, बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. बॅटरी पाच-सहा वर्षं जुनी आहे आणि सकाळी ११.८ दाखवते तर टीसीयूला शिव्या घालायच्या आधी बॅटरी बदला, नव्वद टक्के लोकांचं काम तिथेच संपतं असं मला वाटतं.

बॅटरी नवी आहे तरी उतरते, मग करंट मोजायचा. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि बॅटरी यांच्या मध्ये घालायचा, गाडी लॉक करायची, आणि किमान अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही कारण मॉड्यूल एकेक करून झोपतात. मग आकडा बघा. हिशोब सोपा आहे, ४५ अँपिअर-तासाची बॅटरी आणि ५० मिलीअँपिअर गळती धरली तर ९०० तास, म्हणजे सदतीस दिवस. ठीक आहे, चालेल. पण तिथे ३०० मिलीअँपिअर दिसत असतील तर १५० तास, आठवड्याच्या आत गाडी मेलेली. मग टीसीयूचा प्लग काढून परत मोजा, आकडा खाली आला तर चोर सापडला, नाही आला तर चोर दुसरा आहे आणि टीसीयू गुपचूप परत लावून टाका. मीटर मध्ये असताना चुकूनही स्टार्टचं बटण दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

कुठल्या गाडीला हे लागू नाही

२०१८ पासूनची नवीन आकाराची लीफ असेल तर हे वाचून सोडून द्या. छतावर एसओएसचं बटण असलेल्या कुठल्याही गाडीत टेलिमॅटिक्सला हात लावायचा नाही, कारण अपघात झाल्यावर आपोआप फोन लावायचं काम तोच डबा करतो, युरोपात मार्च २०१८ च्या शेवटापासून नव्या मॉडेलना ते सक्तीचं झालंय. जुन्या लीफमध्ये तसलं काही नाही म्हणून आपण हे करू शकतो.

दुसरं, व्हिसिया व्हेरिएंट असेल तर त्यात टीसीयू मुळात नसतोच. अ‍ॅसेंटा आणि टेक्नामध्ये असतो. स्क्रीनवर कारविंग्ज किंवा निसानकनेक्टचा (निसानच्या त्या सेवेची नावं) मेनू दिसतोय का बघा, नसेल तर उगाच पॅनेल उचकटत बसू नका.

आणि पुण्या-मुंबईहून भाऊ, मेहुणा कोणीतरी विचारतोच की माझ्या नेक्सॉन ईव्हीचं पण असंच काढता येईल का. लीफ भारतात विकायलाच आली नाही आणि तिच्या वायरिंगचा नकाशा दुसऱ्या गाडीला चालत नाही. शिवाय नेक्सॉनच्या बॅटरी-मोटरला कित्येक वर्षांची वॉरंटी असते, ती चालू असताना वायरिंगला हात लावून सर्व्हिस सेंटरवाल्यांच्या हातात आयतं कारण कशाला द्यायचं. गाडी झोपवायची पद्धत जी खाली सांगतोय ती मात्र समजून घ्यायला हरकत नाही, तत्त्व सगळीकडे तेच आहे.

नारिंगी वायर

लीफच्या मोठ्या बॅटरीत १९२ सेल, दोन-दोन समांतर करून ९६ च्या माळेत, नॉमिनल ३६० व्होल्ट आणि फुल चार्जला ४०० च्या जवळ. डीसी ६० व्होल्टच्या वर गेलं की वाहनांच्या नियमात ते हाय व्होल्टेज धरतात, हे त्याच्या सहापट आहे, झटका बसला तर जीव जाऊ शकतो. हाय व्होल्टेजच्या सगळ्या केबल नारिंगी असतात. आपला टीसीयू पूर्णपणे १२ व्होल्टच्या बाजूला आहे, त्याच्या आसपास एकही नारिंगी वायर यायला नको. दिसली तर तुम्ही चुकीच्या जागी आहात, पॅनेल लावा आणि परत बघा.

म्हणून नवख्यांना माझं सांगणं असं की कंट्रोल मॉड्यूल काढायला शिकायचंच असेल तर टीसीयूसारख्यापासून शिका. इन्व्हर्टर, ऑनबोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, बॅटरीच्या पेटीतला बॅटरी कंट्रोलर, यातलं काहीही यूट्यूब बघून उघडायचं नाही. तिथे मागच्या पायठेवणीत मधोमध असलेला सर्व्हिस प्लग काढावा लागतो, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे लागतात, प्लग काढल्यावर इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे व्हायला निसानच्या पद्धतीप्रमाणे किमान १० मिनिटं थांबावं लागतं आणि मग मीटरने शून्य आहे हे बघूनच हात घालतात. ते काम ट्रेनिंग घेतलेल्याचं. या लेखात आपण सर्व्हिस प्लगला हात लावत नाही.

आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल किंवा व्हेइकल कंट्रोल मॉड्यूल नुसतं काढून दुसऱ्या भंगारातल्या गाडीचं बसवलं की चालतं असंही समजू नका, चावीची जोडणी आणि कोडिंग असतं, निसानचं डायग्नॉस्टिक मशीन नसेल तर गाडी दारात पुतळा होऊन बसेल.

काय काय लागेल

१० नंबरचा पाना, प्लास्टिकची पॅनेल उचकटायची पट्टी (लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरलात तर पॅनेलवर ओरखडे पडतील आणि क्लिपा तुटतील), डोक्याला लावायचा टॉर्च, मल्टीमीटर, कापडी टेप, केबल टाय. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल आणि फोनवर लीफस्पाय ॲप असेल तर उत्तम. आणि क्लिपा, स्क्रू ठेवायला एक वाटी. फोनने प्रत्येक टप्प्याला फोटो काढत जा, विशेषतः प्लग काढायच्या आधी, नंतर परत लावताना त्याच फोटोवर सगळी भिस्त असते.

सुरू करायच्या आधी लीफस्पायने सगळे फॉल्ट कोड वाचून त्याचा स्क्रीनशॉट घ्या. जुन्या गाडीत आधीपासून दोन-चार कोड पडलेले असतातच, नाहीतर काम झाल्यावर ते बघून तुम्हाला वाटेल हे आपणच केलं.

गाडी झोपवणं

काम सगळं इथे आहे, बाकी प्लग काढणं म्हणजे मिनिटाचा खेळ.

गाडी सपाट जागी लावा, पी मध्ये टाका. सुरुवातीच्या लीफमध्ये पार्किंग ब्रेक इलेक्ट्रिक आहे आणि पी चं लॉक पण इलेक्ट्रिक, म्हणजे १२ व्होल्ट काढले की गाडी न्यूट्रलला येणार नाही, ढकलताही येणार नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीच्या मागे किंवा गॅरेजच्या दारात लावून काम सुरू करू नका.

चार्जरची केबल काढा. चार्जिंगचा टायमर आणि एसीचा टायमर दोन्ही बंद करा. हे लोक विसरतात. पेट्रोल गाडीत इंजिन बंद म्हणजे अल्टरनेटर बंद, पण इथे डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्टची लाइन भरत असतो, गाडी रेडी मोडमध्ये (म्हणजे चालायला तयार) असताना आणि चार्जिंग चालू असतानासुद्धा. टायमर लागलेला असेल तर तुम्ही खाली वाकून वायरिंगमध्ये हात घातलेला असताना गाडी आपणहून जागी होईल. तसंच बॅटरीचं टोक सोडलं पण गाडी रेडीमध्येच आहे तर लाइनवर करंट येतच राहतो, म्हणजे तुम्हाला वाटतंय सगळं बंद आहे आणि ते बंद नाहीये, वर कन्व्हर्टरलाही ते सोसत नाही.

गाडी ऑफ करा. डॅशबोर्डच्या वरचे निळे चार्जिंगचे दिवे तिन्ही विझलेत का बघा, एखादा लुकलुकत असेल तर गाडी काहीतरी करतेय, थांबा. ड्रायव्हर सीट पूर्ण मागे घ्या. खिडकीची काच खाली घ्या, डिकीतून काही हवं असेल तर आत्ताच काढा, कारण डिकीचं लॉक विजेवर आहे आणि नंतर ती उघडणार नाही. बॉनेट उघडं ठेवा, ड्रायव्हरचं दार उघडं ठेवा. चावी घरात ठेवा, खिशात नको, चावी जवळ असली की गाडी तिची चाहूल घेत राहते. चावीच्या आत एक छोटी धातूची चावी असते, ती कशी निघते ते एकदा करून बघा, दार चुकून लॉक झालं तर तीच उपयोगी पडते.

आता पाच-दहा मिनिटं काही करू नका.

मग बॉनेटखाली १२ व्होल्ट बॅटरीचं निगेटिव्ह टोक, काळं, वजा खुणेचं, १० नंबरच्या पान्याने सैल करा आणि काढा. आधी निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह लागलेलं असेल तर तो पाना वेल्डिंगसारखा चिकटतो. नुसता प्लग काढायला एवढं पुरतं. काढलेलं टोक फडक्यात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, ते स्प्रिंगसारखं परत बॅटरीवर येऊन टेकतं कधीकधी. निसान एअरबॅगच्या आसपास काम करताना दोन्ही टोकं काढून किमान ३ मिनिटं थांबायला सांगतं. आपण एअरबॅगला हात लावणार नाही, पण दाराच्या उंबऱ्याखालून सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरच्या (अपघातात बेल्ट आवळणारा भाग) पिवळ्या वायरी जातात आणि आपण त्यांच्या शेजारीच आहोत, म्हणून तेवढी काळजी घ्या, दोन्ही टोकं काढली तरी काही बिघडत नाही. पिवळा प्लग दिसला की तो सोडा, ओढू नका, मीटर तर अजिबात लावू नका.

पॅनेल उघडणं

यूकेतल्या म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत टीसीयू ड्रायव्हरच्या पायाजवळ उजव्या अंगाला आहे. युरोप-अमेरिकेतल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, तिथे ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून, स्क्रू काढून खाली घ्यावा लागतो.

उजव्या स्टिअरिंगवाल्यांनी आधी दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढायची. पुढच्या टोकाला बोटं घालून सरळ वर ओढायची, क्लिपा टकटक करत सुटतात, पहिल्यांदा आवाज ऐकून काळजात धस्स होतं पण तुटत नाही. मग पायाच्या बाजूचं उभं पॅनेल. त्याला पुढे एक बटणासारखी क्लिप किंवा प्लास्टिकचा नट असतो, तो काढून पॅनेल आत, म्हणजे गाडीच्या मध्याकडे ओढायचं. दाराचं रबर त्या पॅनेलच्या कडेवर बसलेलं असतं, ते थोडं सोडवून घ्या. अडलं की जोर लावू नका, कुठेतरी एक क्लिप राहिलीये, टॉर्च मारून शोधा. थंडीत प्लास्टिक कडक होतं, जानेवारीत करत असाल तर आधी दहा मिनिटं हीटर लावून गाडी गरम करून घ्या, अर्थात १२ व्होल्ट काढायच्या आधी.

आता तुम्हाला उंबऱ्यावर पाठ टेकून, डोकं पेडलच्या वर घालून आडवं व्हायचंय. ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्यांनी उंबऱ्यावर उशी घ्या, मी चेष्टा करत नाहीये.

प्लग

आत हात घालायच्या आधी दाराच्या चौकटीच्या उघड्या धातूला, जिथे दाराचं लॉक अडकतं त्या लोखंडी कडीला, एकदा हात लावा. अंगावरची स्टॅटिक तिथे जाते. नायलॉनचं जॅकेट, लोकरीचा स्वेटर घालून हे काम नको. स्टॅटिकचा चटका आपल्याला जाणवतो तेव्हा तो काही हजार व्होल्टचा असतो, चिप त्याच्या कितीतरी आधी खराब होऊ शकते, आणि तुम्हाला कळणारही नाही.

टीसीयू म्हणजे धातूच्या पट्टीवर बसवलेला चपटा डबा, मागच्या बाजूला एक मोठा पांढरा प्लग. शेजारी अँटेनाची बारीक गोल वायर वेगळ्या छोट्या प्लगवर असते. दुसरे पण प्लग आजूबाजूला दिसतील, बॉडी कंट्रोल मॉड्यूलचे वगैरे, त्यांना हात नको. पांढरा प्लग जिथे लागलाय तो डबा टीसीयूच आहे ना हे त्यावरच्या लेबलवरून खात्री करून घ्या.

प्लगच्या मधोमध एक जीभ असते, ती दाबायची आणि प्लग बाहेर ओढायचा. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात तिथे दोन बोटं जेमतेम शिरतात, जीभ कडक असते, आणि माणूस चिडून वायरी धरून ओढतो. वायरी कधीच ओढायच्या नाहीत. युक्ती अशी की आधी प्लग अजून आत ढकला, हो आतच, म्हणजे जिभेवरचा ताण जातो, मग अंगठ्याने जीभ पूर्ण खाली जाईपर्यंत दाबा, आणि दाबलेली ठेवून प्लगचं अंग धरून डावी-उजवीकडे अगदी बारीक हलवत बाहेर घ्या. जीभ नीट दाबली गेली असेल तर प्लग जवळजवळ आपणहून येतो. दहा वर्षांची धूळ बसली असेल तर एकदा कोरड्या ब्रशने झाडा. तेल, डब्ल्यूडी-४० वगैरे काही मारू नका.

निघाला. पिनांना बोट लावू नका, फोटो काढा, पिना सरळ आहेत, हिरवट गंज नाही हे बघा. हिरवं दिसलं तर कुठून तरी पाणी येतंय, विंडस्क्रीनच्या कडेने किंवा दाराच्या रबरातून, तो वेगळा विषय पण महत्त्वाचा.

नुसता प्लग की अख्खा डबा?

बहुतेकांनी इथेच थांबावं असं मी म्हणेन. डबा आहे तिथे राहू दे, फक्त प्लग मोकळा. परत लावायचा झाला तर दोन मिनिटांचं काम, आणि काही ढिलं राहायची भीती नाही. डबा बाहेर काढायचाच असेल, म्हणजे उघडून बघायचाय किंवा त्याच्या जागी दुसरं काही बसवायचंय, तर अँटेनाची वायर तिची छोटी जीभ दाबून काढा आणि मग पट्टीचे बोल्ट सोडवा. बोल्ट पहिला पूर्ण काढून दुसऱ्याकडे जाऊ नका, दोन्ही थोडे थोडे सैल करा आणि शेवटचा सोडवताना डबा हातात धरा, नाहीतर तो पेडलखाली जाऊन पडतो. एखादा बोल्ट अर्थिंगची वायर धरून बसलेला असेल तर वायर परत त्याच बोल्टखाली लावून घट्ट करा, लटकत ठेवू नका. अर्थिंग ढिलं राहिलं की चार दिवसांनी भलतेच दिवे लागायला लागतात आणि शोधता शोधता नाकी नऊ येतात.

मोकळा प्लग बांधून ठेवणं हा या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. जागा ड्रायव्हरच्या पायांची आहे. सुटा प्लग खाली लोंबला आणि ब्रेकच्या पेडलमागे गेला तर काय होईल हे सांगायला नको. प्लगच्या तोंडावर कापडी टेपचे दोन वेढे द्या, म्हणजे धूळ जाणार नाही आणि खडखडणार नाही, मग मूळ वायरींच्या जुडग्याला केबल टायने वरच्या बाजूला बांधा, टायचं टोक कापा. मग सीटवर बसून तिन्ही-चारही कोनांतून पाय फिरवून बघा, ब्रेक पूर्ण खालपर्यंत दाबून बघा. काही अडत नाही ना, कशाला वायर लागत नाही ना. तेवढं झाल्याशिवाय पॅनेल लावू नका.

मीटर हाताशी असेल आणि हौस असेल तर १२ व्होल्ट सुटलेले असतानाच ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. या कॅन बसच्या, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या, दोन वायरी, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, दोन समांतर म्हणून साधारण ६० ओहम दिसायला हवा. प्लग काढायच्या आधी आणि नंतर एकदा मोजा. ६० च्या जागी १२० आला तर बसचं एक टोक कुठेतरी तुटलंय, शून्याच्या जवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. दोन्हीपैकी काही झालं तर बॅटरी जोडू नका, आधी शोधा काय हललं.

परत जोडणं

पॅनेल क्लिपांवर दाबून बसवा, दाराचं रबर त्याच्या कडेवर परत चढवा, उंबऱ्याची पट्टी लावा. बॅटरीचं पॉझिटिव्ह काढलं असेल तर ते आधी, निगेटिव्ह शेवटी. टेकवताना बारीक ठिणगी उडते, ती नेहमीची आहे, पण टेकव-काढ टेकव-काढ करू नका, एकदाच बसवा आणि नट घट्ट करा. हाताने फिरवून बघा, टर्मिनल जराही फिरता कामा नये. लीफ १२ व्होल्टच्या बाबतीत फार नाजूक आहे, टर्मिनल थोडं ढिलं असलं तरी डॅशबोर्डवर जत्रा भरते आणि माणूस समजतो टीसीयू काढल्यामुळे झालं.

चावी आणा, ब्रेक दाबून बटण दाबा, रेडीचा दिवा यायला हवा. नाही आला तर घाबरून सतरा बटणं दाबू नका, ऑफ करा, टर्मिनल बघा, परत करा. मग हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, एसी, रिव्हर्स कॅमेरा असेल तर तो, रेडिओ, ब्लूटूथवर एक फोन, सगळं एकदा बघून घ्या. टीसीयूशिवाय जीपीएस, नकाशा, रेडिओ, ब्लूटूथ, मायक्रोफोन हे सगळं पूर्वीसारखं चालतं, फक्त निसानच्या सर्व्हरच्या गोष्टी गेल्या, आणि त्या यूकेत अशाही गेलेल्याच आहेत. खिडकीच्या काचा एका दाबात वर जात नसतील तर काच पूर्ण वर नेऊन बटण तीन-चार सेकंद वर ओढून धरा, शिकते परत. घड्याळ लावा. तुमचे चार्जिंग आणि एसीचे टायमर परत लावा, ते गाडीच्या स्क्रीनवरून टीसीयूशिवायही लागतात.

गाडी पाच-दहा मिनिटं चार्जरला लावून बघा की चार्जिंग सुरू होतंय. लीफस्पायने कोड परत वाचा आणि आधीच्या स्क्रीनशॉटशी ताडून बघा. यू ने सुरू होणारा एखादा नवा कोड, म्हणजे अमुक मॉड्यूलशी संपर्क नाही असा, दिसला तर तो त्या काढलेल्या डब्याचाच असण्याची शक्यता जास्त. एकदा पुसा आणि दोन दिवस चालवून बघा. ब्रेक, स्टिअरिंग किंवा मोठ्या बॅटरीबद्दलचा नवा कोड आला आणि पुसून परत येतोय तर गाडी न चालवता प्लग परत लावून पडताळा करा.

ओव्हीएमएस लावणार असाल तर एक आठवडा नुसती गाडी चालवा आणि मग तो डबा जोडा. दोन बदल एकदम केले की गडबड झाल्यावर कशामुळे झाली ते कळत नाही. लावलात की त्याचा पासवर्ड लगेच बदला. २०१६ च्या फेब्रुवारीत ट्रॉय हंट नावाच्या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं होतं की निसानच्या ॲपला गाडीचा व्हीआयएन नंबर (चॅसिस नंबर) सोडून दुसरी कसली ओळखच लागत नव्हती, आणि तो नंबर तर विंडस्क्रीनच्या कोपऱ्यात रस्त्यावरच्या कोणालाही वाचता येतो. म्हणजे जगात कुठेही बसून दुसऱ्याच्या लीफचा एसी चालू करता येत होता आणि प्रवासाची माहिती बघता येत होती, मग निसानने ॲपच काही काळ बंद केलं. आणि यूकेत इन्शुरन्सवाल्यांना गाडीत जोडलेल्या वस्तूबद्दल सांगून ठेवा, एक फोन लागतो फक्त.

डबा बाहेर काढला असेल तर बबल रॅप नको, त्यात स्टॅटिक होते, कॉम्प्युटरचे पार्ट ज्या चंदेरी पिशवीत येतात त्यात घालून वर गाडीचा नंबर लिहून ठेवा. गाडी विकताना नव्या मालकाला ती पिशवी द्या आणि प्लग कुठे बांधलाय त्याचा फोटो पण द्या, म्हणजे त्याला पॅनेल उघडून शोधत बसायला नको.